डोक्याला मुका मार लागला, तर नेमकं काय बघायचं?

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना सुरू होता. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो कोसळला नाही, पुढे खेळलाही. मध्यंतरात मात्र डोकं थोडं दुखत असल्याची लक्षणं दिसली आणि त्याच्या जागी हर्षित राणा मैदानात उतरला. राणाने तीन बळी घेतले, भारत जिंकला आणि बदली खेळाडू कसा असावा यावरून बराच वाद झाला. टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना पडलेला प्रश्न मात्र साधा होता. माणूस चांगला चालत आत गेला, मग त्याला झालं काय?

हा प्रश्न आपल्या किनारपट्टीवर जास्त महत्त्वाचा आहे. पुण्याच्या मैदानात सीमारेषेवर डॉक्टर बसलेला असतो. दापोलीच्या कबड्डी स्पर्धेत, गुहागरच्या पोफळीच्या बागेत, मिरकरवाड्याहून सुटलेल्या ट्रॉलरवर किंवा कुडाळकडच्या एखाद्या आडरस्त्यावर तो नसतो. तिथे असतात ते सोबती, घरची माणसं, शेजारी. ओळखायचं त्यांनीच. त्यासाठी दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात: मेंदूला हादरा बसलाय का, आणि कवटीच्या आत रक्तस्राव होतोय का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, तर त्या दिवसाचा खेळ आणि काम बंद. दुसऱ्याची नुसती शंका आली, तरी गाडी काढायची. या दोहोंची गल्लत झाली की एकतर विनाकारण घबराट होते, नाहीतर मोलाचे तास वाया जातात.

कवटीच्या आत काय होतं

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलो वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. तो कवटीला घट्ट चिकटलेला नसून त्याच्याभोवती पाण्यासारखा पातळ द्रव असतो. जुना झालेला नारळ हलवला की आतला सुटा गोटा करवंटीवर आपटल्याचा आवाज येतो, करवंटीला मात्र साधा तडाही गेलेला नसतो. डोक्याला धक्का बसतो तेव्हा जवळपास असंच घडतं. फरक एवढाच, की खोबऱ्याचा गोटा टणक असतो. मेंदू मऊ असल्यामुळे नुसता आपटत नाही, तो पिळवटतो आणि ताणला जातो.

या ताणामुळे मेंदूतल्या पेशींचे लांब, बारीक तंतू ओढले जातात. पेशींच्या आत असायला हवं ते पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हे पुन्हा जागच्या जागी आणायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त साखर लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा घटलेला असतो. गरज वाढलेली, पुरवठा कमी. म्हणून माणूस सावकाश उत्तर देतो, उजेड सहन होत नाही, पाय डळमळतात. मेंदूत काही फुटलेलं किंवा तुटलेलं दिसत नाही, त्याचं काम मात्र काही काळ बिघडलेलं असतं. या अवस्थेला डॉक्टर कन्कशन म्हणतात. या लेखात आपण 'हादरा' म्हणू.

हादऱ्यासाठी मार डोक्यालाच लागायला हवा असं नाही. गडग्यावरून घसरून कोणी जोरात बुडावर आपटला, किंवा दुचाकी थडकून शरीराला जबर झटका बसला, तरी मान झटक्याने हलते आणि मेंदू आत हादरतो.

बेशुद्ध पडला नाही, मग हादरा कसला?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. खेळताना हादरा बसलेल्या शंभरांपैकी दहाजणही बेशुद्ध पडत नाहीत. बेशुद्धी हीच खूण मानली, तर दहातले नऊजण आपल्या हातून निसटतात.

टेंगळाचंही तसंच. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून लहानशा खोकीतूनही शर्ट भिजेपर्यंत रक्त येतं आणि पाहणाऱ्यांचे हातपाय गळतात. पण ते रक्त कातडीचं असतं. उलट बाहेर एक ओरखडा नाही आणि आत मेंदू चांगलाच हादरलाय, असंही होतं. जखमेवर स्वच्छ कपडा दाबून धरा. कवटी दबल्यासारखी हाताला लागली तर मात्र तिथे दाबू नका. आणि मग जखमेवरची नजर काढून माणसाच्या वागण्याकडे बघा.

पहिली पाच मिनिटं

समजा, कबड्डीत पकड झाली आणि चढाई करणाऱ्याच्या कानशिलावर गुडघा बसला. सगळे धावतात, दोघं बगलेत हात घालून त्याला उभं करतात, कोणीतरी तोंडावर पाणी मारतं. यातलं काहीच लगेच करायचं नाही. आधी मान. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या येताहेत का, हातपाय हलवता येतात का, हे तो पडल्या जागीच विचारा. यातलं काहीही असेल किंवा तो शुद्धीवर नसेल, तर एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि बाकीच्यांनी १०८ ला फोन करायचा. उलटी होत असेल तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवायचं. माडावरून, पोफळीवरून, आंब्याच्या फांदीवरून किंवा छपरावरून पडलेल्या प्रत्येकाची मान दुखावली आहे असंच धरून चाला. त्याला दोघांच्या मधे बसवून दुचाकीवरून नेणं फार धोक्याचं आहे. न्यायचंच झालं, तर रुंद फळी किंवा घरातलं काढता येणारं दार वापरा.

मानेची शंका नसेल तर मग बघायला लागा. मार लागल्यावर तो काही क्षण निपचित पडला होता का? पडताना हात पुढे न करता ओंडक्यासारखा कोसळला का? पडल्यावर हात ताठ होऊन हवेत तसाच राहिला का? उठताना तोल गेला का? नजर शून्यात आहे का? स्वतःच्या संघाचा अर्धा भाग सोडून भलतीकडेच चालत गेला का? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय का? यातली एक खूण दिसली तरी पुरे.

त्यानंतर प्रश्न. इथे बहुतेक लोक चुकीचे प्रश्न विचारतात. "तुझं नाव काय? गाव कुठलं?" याची उत्तरं हादरा बसलेला माणूसही धडाधड देतो, कारण ती आठवण फार जुनी आणि पक्की असते. बिघडते ती ताजी आठवण. म्हणून विचारायचं ते असं:

आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत?
पहिला हाफ चालू आहे की दुसरा?
शेवटचा गुण कोणी घेतला?
याआधीचा सामना कोणाशी झाला?
तो आपण जिंकलो की हरलो?

एक उत्तर जरी चुकलं, किंवा बरोबर असूनही फार विचार करून आलं, तर हादरा बसलाय असं धरा. बागेत किंवा बोटीवर प्रश्न बदलतील: आज सकाळी कोणाकडच्या बागेत होतो, जाळं किती वेळा टाकलं, जेवणात काय होतं. ट्रॉलरवरचे बरेच खलाशी नेपाळचे किंवा परराज्यातले असतात. त्यांना त्यांच्याच भाषेत दुसऱ्या खलाशाकडून विचारून घ्या. नाहीतर भाषा न कळल्यामुळे झालेला उशीर मेंदूचा समजाल, किंवा मेंदूचा उशीर भाषेचा.

शेवटी त्याला काय वाटतंय ते विचारा. डोकं दुखतंय, डोक्यात दाब जाणवतोय, मळमळतंय, गरगरतंय, दोन-दोन दिसतंय, उजेड किंवा लाउडस्पीकरचा आवाज नकोसा होतोय, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटतंय, उगाच रडू येतंय, उगाच राग येतोय: यातलं काहीही खूणच.

तो मात्र म्हणणार, "काय एक झाला नाय, बरो आसय मी." खोटं बोलायचं म्हणून नाही, तर आपण बरे आहोत की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचं तोच दुखावलेला असतो. म्हणून निर्णय खेळाडूवर सोडायचा नाही. कर्णधाराने, पंचाने किंवा सोबत्याने ठरवायचं. शंका आली की त्या दिवसापुरता तो बाहेर. "पाच मिनिटं बसवू, बरं वाटलं तर घेऊ" हे नाही, मग अंतिम सामना असो की बक्षिसाची रक्कम कितीही असो. पेशींची ओढाताण चालू असताना दुसरा धक्का बसला तर बरं व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात. तरुण खेळाडूंमध्ये क्वचित अशा दुसऱ्या धक्क्यानंतर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत.

तेव्हा काहीच नव्हतं, रात्री सुरू झालं

हेही खरं असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला. तपासणी झाली, त्यात तो पास झाला, पाऊण तासाने पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकेदुखी आणि गुंगी घेऊनच. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेल्या बदली खेळाडूच्या नियमाचा कसोटीतला तो पहिला वापर. पुढची कसोटी स्मिथ खेळू शकला नाही. जिथे डॉक्टरांचा ताफा हजर होता तिथे हे झालं. मग गावच्या मैदानावरचं "तेव्हा तर चांगला होता" किती भरवशाचं?

हादऱ्याची लक्षणं काही मिनिटांनी, काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी वर येतात. ती घरातच दिसतात, म्हणून घरच्यांनी डोळे उघडे ठेवायचे. नेहमी बडबडणारा गप्प बसतो. शांत माणूस पानावरून चिडून उठतो. मुलगा वाचायला बसतो आणि त्याच ओळीवर अडकतो. झोप खूप येते किंवा अजिबात येत नाही. हिशेब करणाऱ्याला साधी बेरीज जड जाते. अशा वेळी आठवून बघा: गेल्या दोन दिवसांत कुठे पडला होता का, काही लागलं होतं का?

समुद्रावर एक वेगळाच घोळ होतो. विंचचा दोर सुटून किंवा केबिनच्या दारावर आपटून खलाशाच्या डोक्याला लागतं. तासाभराने त्याला मळमळतं, उलटी होते. बोट लागली असेल म्हणून सोडून दिलं जातं. पण वर्षानुवर्षं समुद्रावर जाणाऱ्या माणसाला मार लागल्यानंतरच बोट कशी लागेल? तांडेलाने ती उलटी डोक्याच्या खात्यावर धरायची आणि बंदराकडे वळायचं. किनारा दूर असेल आणि प्रकृती बिघडत असेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक आहे. मोबाइलला रेंज नसेल तेव्हा वायरलेस.

हादरा की रक्तस्राव?

इथून पुढचं सावकाश वाचा. नुसत्या हादऱ्याचा माणूस तासागणिक थोडा थोडा बरा होत जातो, निदान होता तिथेच राहतो. रक्तस्राव होत असेल तर तो तासागणिक बिघडत जातो. कवटी हाडाची पेटी आहे, ती फुगू शकत नाही. आत रक्त साचायला लागलं की जागा जाते ती मेंदूची. म्हणून एका क्षणी तो कसा आहे यापेक्षा, मघापेक्षा आता कसा आहे, हे जास्त सांगून जातं.

पुढचं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे 'उद्या सकाळी' नाही, आत्ताच न्यायचं. डोकेदुखी वाढतच चालली आहे. एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली. फिट आली. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते. बोलणं जड झालं, किंवा तो असंबद्ध बोलतोय. एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतोय, चालताना एक पाय फरफटतोय. गुंगी वाढतेय, जागं केलं तरी पुन्हा पुन्हा झोपेत जातोय. ओळखीची माणसं ओळखत नाही, किंवा आवरता येणार नाही इतका अस्वस्थ झालाय. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येतंय. डोळ्यांवर मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, किंवा कानामागे निळा डाग उमटलाय. शेवटच्या दोन खुणा कवटीच्या तळाचं हाड मोडल्याच्या असतात आणि त्या बरेचदा काही तासांनी, दुसऱ्या दिवशीसुद्धा दिसतात.

सगळ्यात फसवा प्रकार कानशिलावरच्या माराचा. तिथे कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, तर माणूस थोडा वेळ बेशुद्ध पडतो, मग उठून बसतो, बोलतो, चहा पितो. सगळ्यांना हायसं वाटतं. दोन-चार तासांत डोकं ठणकायला लागतं, गुंगी येते आणि तो कोसळतो. मधला तो चांगला वाटणारा काळच जीव वाचवायचा काळ असतो. म्हणून क्षणभर का होईना बेशुद्ध पडलेल्या माणसाने, नंतर कितीही बरं वाटत असलं, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचंच.

वयस्कर माणसांत रक्तस्राव उलट संथ असतो. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटीच्या आवरणामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि छोट्या धक्क्यानेही फाटतात. श्रावणात पाणंदीतल्या शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून आजी घसरते, डोक्याला थोडं लागतं, हळद लावून विषय संपतो. तीन आठवड्यांनी गणपतीत ती नावं विसरायला लागते, एका बाजूला झुकून चालते, दिवसा झोपून राहते. घरचे म्हणतात, वय झालं. पण पडल्यानंतर काही आठवड्यांत अचानक आलेलं विसरभोळेपण वयाचं नसतं. ते साचत गेलेलं रक्त असू शकतं आणि वेळेत काढलं तर माणूस पूर्ववत होऊ शकतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका जास्त असतो. हृदयाची झडप बदललेले, स्टेंट बसवलेले, अर्धांगवायूनंतर औषधं चालू असलेले लोक प्रत्येक वाडीत आहेत. त्यांच्या डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरला दाखवा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि दारू. शिमग्यात, लग्नाच्या वरातीत, जत्रेत कोणी पडतो आणि तिथेच झोपतो. "घेतलेली आहे, सकाळी उतरेल" म्हणून त्याला पडवीत ओढून ठेवलं जातं. दारूची गुंगी आणि रक्तस्रावाची गुंगी बाहेरून अगदी सारखी दिसते. प्यायलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल आणि तो हलवून नीट जागा होत नसेल, तर रक्तस्राव आहे असं धरूनच दवाखान्यात न्या. नुसती दारूच निघाली तर डॉक्टर काही रागावणार नाहीत.

किती उंचीवरून पडला?

डॉक्टर हा प्रश्न विचारतात त्याला कारण आहे. स्कॅन करायचा की नाही हे ठरवण्याच्या एका प्रचलित नियमात तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं धोक्याचं धरलंय. वय ६५ किंवा जास्त, दोन किंवा जास्त उलट्या, मार लागण्याच्या आधीचा अर्ध्या तासाहून जास्त काळ न आठवणं, हेही त्याच नियमात येतं. तीन फूट म्हणजे आपल्याकडे गडगाच झाला. पावसाआधी कौलं परतायला चढलेला माणूस पडला, तर तो दहा-बारा फुटांवरून पडतो. माडाची तर गोष्टच वेगळी. या पडण्यांना "काही होत नाही" म्हणण्याची सोयच नाही.

स्कॅन नॉर्मल आला. सुटलो?

अर्धे सुटलात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि मोडलेलं हाड दिसतं. हादरा दिसत नाही, कारण तो रचनेचा नाही, कामाचा बिघाड आहे. स्कॅन नॉर्मल म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं. पहिल्याचं उत्तर माणसाच्या वागण्यातच शोधायचं आहे. नॉर्मल स्कॅन हातात घेऊन त्याच संध्याकाळी मैदानात उतरणं चुकीचं आहे. कवटीच्या साध्या एक्स-रेने तर रक्तस्रावाचाही पत्ता लागत नाही.

केसपेपरवर 'जीसीएस १५' असं लिहिलेलं असतं. माणूस किती शुद्धीवर आहे हे मोजायला १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी काढलेली ही गुणपद्धत आहे. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा. पंधरापैकी पंधरा मिळाले तरी हादरा असू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या दवाखान्यात तो घसरला असेल तर डॉक्टरांच्या दृष्टीने ती मोठी बातमी असते.

आपल्याकडे अंतर हीच अडचण आहे. मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली तर सिंधुदुर्गातला रुग्ण बरेचदा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातो, रत्नागिरीकडचा आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला. पावसाळ्यात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून मघाच्या खुणांपैकी एक दिसली की दुसरीची वाट बघू नका, आणि निघण्याआधी फोन करून सीटी मशीन चालू आहे का ते विचारून घ्या. एका कागदावर लिहा: मार किती वाजता लागला, कसा लागला, किती वेळ बेशुद्ध होता, उलट्या किती आणि केव्हा, कोणती औषधं चालू आहेत, शेवटचं कधी खाल्लं. घाईत या गोष्टी तोंडी सांगताना हमखास राहतात.

झोपू द्यायचं नाही, असं म्हणतात ना?

म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. झोपेने रक्तस्राव होत नाही. भीती एवढीच, की माणूस झोपला तर बिघडणारी प्रकृती आपल्याला दिसत नाही. मार लागून काही तास गेलेत, तो नीट बोलतोय, चालतोय, वरची एकही धोक्याची खूण नाही, तर झोपू द्या. मेंदूला झोप हवीच असते. मात्र पहिले चोवीस तास एक शुद्धीतलं मोठं माणूस जवळ हवं आणि रात्री त्याच खोलीत झोपायला हवं. डॉक्टरला दाखवणं झालेलं नसेल, तर रात्रीतून एक-दोनदा उठवा. नावाने हाक मारल्यावर जागा होतो का, कुठे आहे ते सांगतो का, दोन्ही हातांनी सारख्या जोराने तुमचे हात दाबतो का, बघा. नेहमी घोरत नाही आणि आज घरघर लागल्यासारखं घोरतोय, हलवूनही जागा होत नाही, तर लगेच १०८.

कांदा, तेल, गोळ्या

कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, आणि त्या नादात मान हलते. शुद्ध हरपलेल्या किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, चहा काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. डोक्याला तेल रगडणं, मान मोडून घेणं पूर्ण बंद. टेंगळावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. डोकेदुखीसाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पहिले दोन दिवस नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. झोपेच्या गोळ्या आणि दारूही नको. पॅरासिटामॉलला न जुमानता वाढणारी डोकेदुखी ही गोळी बदलायची वेळ नसते, दवाखान्यात जायची असते.

हेल्मेट होतं की!

हेल्मेट घालाच. दुचाकी अपघातात त्याने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. पण हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूचं हलणं पूर्ण थांबवू शकत नाही. हेल्मेट असूनही प्रश्न तेच विचारायचे. आणि अपघातात पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच, आणि तेही दुसऱ्याने मान धरलेली असताना.

तान्ही आणि लहान मुलं

त्यांना सांगता येत नाही. न थांबणारं रडणं, दूध न ओढणं, टाळू फुगलेली दिसणं, खेळण्याकडे न बघणं, नुकतं चालायला लागलेलं मूल पुन्हा धडपडायला लागणं, या त्यांच्या खुणा. दोन वर्षांखालचं मूल डोक्यावर पडलं तर डॉक्टरला दाखवाच.

परत मैदानात, माडावर, बोटीवर कधी?

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, हा जुना सल्ला आता मागे पडलाय. पहिले २४ ते ४८ तास सावकाशीचे: घरातल्या घरात हिंडणं-फिरणं, हलकी कामं चालतील. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत शक्य तितका कमी ठेवा, त्याने लवकर बरं वाटतं. गाडी चालवू नका. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवायची. हालचालीने लक्षणं किंचित वाढली, म्हणजे दहापैकी दोन गुणांपर्यंत, आणि तासाभरात ओसरली तर चालतं. त्याहून वाढली तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खेळाडूंसाठी ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा: आधी रोजची कामं आणि चालणं, मग दम न लागेल असा हलका व्यायाम आणि पुढे थोडा जास्त, मग एकट्याने खेळाचा सराव, मग लक्षणं पूर्ण गेल्यावरच सोबत्यांबरोबर, पण अंगाला अंग न लावता. त्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटलं, की धरपकडीचा सराव आणि शेवटी सामना. गावपातळीवरच्या खेळांसाठी ब्रिटनने २०२३ मध्ये सोपा नियम केला: हादऱ्याची शंका आल्यापासून २१ दिवस सामना नाही. ज्या तालुक्यात खेळाचे डॉक्टर नाहीत तिथल्या मंडळांनी हाच नियम उचलावा. मुलांच्या बाबतीत आधी शाळा, मग मैदान. शाळेतही पहिले काही दिवस अर्धा दिवस, मधे विश्रांती, परीक्षेला वेळ वाढवून, असं शिक्षकांशी बोलून घ्या.

माडावर आणि पोफळीवर चढणाऱ्यांना मी खेळाडूंपेक्षाही कडक नियम सांगेन. मैदानात गरगरलं तर माणूस बसतो, चाळीस फुटांवर गरगरलं तर बसायला जागा नसते. डोळे मिटून दोन्ही पाय जुळवून वीस सेकंद न डळमळता उभं राहता येतं का, खाली वाकून झटकन उठल्यावर घेरी येते का, मान भरभर वळवल्यावर गरगरतं का, हे आधी जमिनीवर बघा. हे सगळं ठीक असेल आणि किमान आठवडाभर एकही लक्षण नसेल, तेव्हाच डॉक्टरांना विचारून पुन्हा चढायचं. ट्रॉलरवर हलणारी फळी, पाण्यावरची तिरीप आणि इंजिनाचा धडधडाट, तिन्ही हादरलेल्या मेंदूला नको असलेल्याच गोष्टी आहेत. पहिल्या फेरीला किनाऱ्याजवळचं, दिवसाचं काम घ्या. रोजंदारीवरच्या माणसाला आठवडाभर घरी बसणं परवडत नाही, हे खरंच आहे. बागमालकाने किंवा बोटमालकाने तेवढे दिवस सोलणं, मोजणं, जाळी विणणं असं बसून करायचं काम द्यावं. तेवढं त्याच्या हातात असतं.

मोठी माणसं बहुतेक दहा ते चौदा दिवसांत बरी होतात, मुलांना चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. त्यानंतरही डोकेदुखी, गरगरणं, विसरणं, चिडचिड किंवा झोपेची तक्रार राहिली, तर ते मनाचे खेळ समजू नका. मानेच्या स्नायूंची दुखापत, आतल्या कानाचा बिघडलेला तोल, डोळ्यांची हालचाल, अर्धशिशी, अशी वेगवेगळी कारणं असतात आणि त्यांवर वेगवेगळे उपचार आहेत. डॉक्टरकडे जाताना आठवडाभराची साधी नोंद घेऊन जा: कोणतं लक्षण, कोणत्या वेळी, काय केल्यावर वाढतं.